मडक्यावरचं काळवीट कुठं गेलं?

खापरखुळा | शनिवार, रात्री ११:१२

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

मागच्या आठवड्यात एका संग्रहालयात गेलो होतो. नाव नको. कपाटातला दिवा बंद आणि चिठ्ठीवर फक्त "मृद्भांडी, ताम्रपाषाणयुग" (म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरायचे तो काळ), तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला जुनी आहेत साहेब, फार जुनी. मग मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवून बघत बसलो, बायको बाहेर बाकावर जाऊन बसली.

वरच्या फळीवर माळवा संस्कृतीचे तुकडे आणि खालच्या फळीवर जोर्वे. वरच्या एका तळहाताएवढ्या खापरावर काळवीट आहे. अंग म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, आत तिरक्या रेघा भरल्यात, पाय म्हणजे चार काड्या, तोंड तर जवळजवळ नाहीच. पण शिंगं! शिंगं त्या माणसानं जीव लावून काढलीत, नागमोडी, अंगापेक्षा लांब, पार शेपटीपर्यंत मागं गेलेली. मागच्या पायाशी रंग जरासा ओघळलाय, तो तसाच राहिलाय. मी दहा मिनिटं तो ओघळच बघत होतो.

खालच्या फळीवर जोर्वेचं तोटीचं भांडं, जवळपास अख्खं. घडण एक नंबर, पातळ, भाजणी सगळीकडे एकसारखी, लाल रंग अजून ताजा. आणि नक्षी काय तर खांद्यावर दोन काळे पट्टे, मधे शंकरपाळे, शंकरपाळ्यांत रेघा. संपलं. आजूबाजूच्या सगळ्या जोर्वे तुकड्यांवर तेच, रेघा, जाळी, शंकरपाळे, परत रेघा. प्राणी शून्य.

तर प्रश्न असा की कुंभार हुशार झाला आणि काळवीट पळालं, हे कसं काय? शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात तर माळवाच्या थरावरच जोर्वेचा थर आहे म्हणे, म्हणजे गाव तेच, नदी तीच, बाहेर काळवीटंही तीच. मग मडक्यावरून का गेली?

चिवडा_पोहे | शनिवार, रात्री ११:३१

वाचनखूण साठवली. पण माळवा म्हणजे मध्य प्रदेश ना, तो शिरूर तालुक्यात काय करतोय? आमच्यासारख्या अडाण्यांसाठी जरा सुरुवातीपासून सांगा कोणीतरी.

पांढरीवरची | रविवार, सकाळी ८:०५

मी सांगते. पूर्वी दोन सीझन उत्खननात खापरं धुण्याचं काम केलंय, म्हणजे अक्षरशः दात घासायचा ब्रश घेऊन बादलीशेजारी बसणे, त्यामुळे हा विषय माझ्या नखांतला आहे.

माळवा हे नाव मिळालं कारण ही भांडी माळव्यात आधी ओळखली गेली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ठिकाण म्हणजे नावडातोली, नर्मदेवर, महेश्वरच्या समोरच्या काठावर. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलिया यांनी तिथं १९५२-५३ मध्ये आणि मग १९५७ ते ५९ मध्ये उत्खनन केलं. नुसत्या माळवा भांड्यांवर तिथं ६०० च्या वर वेगवेगळ्या नक्ष्या मिळाल्यात. हरणं, काळवीटं, बैल, मोर, वाघाच्या जातीचे प्राणी, हात धरून नाचणारी माणसं, काय विचारू नका. हे लोक साधारण इ.स.पू. १६०० च्या सुमारास दख्खनमध्ये उतरले, तापी ओलांडून, गोदावरी, प्रवरा, घोड, भीमा असं खाली.

जोर्वे हे गाव संगमनेर तालुक्यातलं, प्रवरेकाठी. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथं खणलं आणि ही लाल-काळी भांडी पहिल्यांदा नीट ओळखली गेली म्हणून नाव जोर्वे. काळ ढोबळमानाने इ.स.पू. १४०० ते १०००, आणि इनामगावात उत्तर जोर्वे म्हणून जो पडता काळ आहे तो पार ७०० पर्यंत. इनामगाव डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खणलं, ढवळीकर, सांकलिया, अन्सारी ही मंडळी. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, खाली माळवा, वर पूर्व जोर्वे, त्यावर उत्तर जोर्वे, सलग वस्ती, मधे गाव ओस पडलेलं नाही.

आता मातीचं सांगते कारण फोटोत ते कळत नाही. माळवा खापर हातात घेतलं की जरा भरड लागतं, मातीत भुसा, तूस वगैरे मिसळलेलं असतं, ते भट्टीत जळून जातं आणि बारीक भोकं राहतात. वरून जाड लेप, त्यावर काळ्या नाहीतर गडद तपकिरी रंगात चित्र. जोर्वे मात्र बारीक गाळलेली माती. टिचकी मारली तर खणखण वाजतं. आमच्याकडे खापरांचा ढीग पडला की आम्ही डोळे मिटून आवाजावरून वेगळी करायचो (सर बघत नसताना).

म्हणजे खापरखुळा यांचं निरीक्षण बरोबर आहे. जोर्वेवर प्राणी दुर्मिळ. दुर्मिळ म्हणतेय, शून्य नाही, त्यावर नंतर येते, आत्ता कुकर लावायचाय.

तिरशिंगराव | रविवार, सकाळी ९:४०

यात प्रश्न काय आहे समजलं नाही. कलेचा ऱ्हास. आधी जिवंत चित्रं, मग साचेबंद भूमिती. जगात सगळीकडे हेच होतं.

खापरखुळा | रविवार, सकाळी १०:०२

@तिरशिंगराव, सगळीकडे हेच होतं हे नाही पटत. इराणमधल्या सुसाचा तो उंच पेला बघा, साधारण इ.स.पू. ४००० च्या आसपासचा, आता पॅरिसला लूव्रमध्ये आहे. मधे रानबोकड, त्याची शिंगं फिरून पूर्ण गोल झालेली, अंग दोन त्रिकोणांचं. त्याच्या वर लांब अंगाचे कुत्रे आडवे पळतायत, इतके ताणलेत की पट्टाच वाटतो. आणि सगळ्यात वर काठाशी लांब मानेचे पक्षी उभे, माना इतक्या लांब आणि इतक्या जवळजवळ की लांबून बघितलं तर नुसत्या उभ्या रेघा. म्हणजे प्राणी आणि भूमिती एकाच पेल्यावर, एकाच हातानं. एक मेलं म्हणून दुसरं जन्मलं असं काही नाही.

तिरशिंगराव | रविवार, सकाळी १०:१५

मग तुमचंच म्हणणं माझ्या बाजूनं गेलं, पक्ष्याची रेघ झाली म्हणजे आळसच की.

रानवेडी | रविवार, दुपारी १२:२०

मी पक्षी-प्राणीवाली, खापरातलं कळत नाही पण काळविटाचं बोलते. ज्यानं ती शिंगं काढली त्यानं प्राणी जवळून पाहिलाय हे नक्की. नराच्या शिंगाला पीळ असतो आणि पळताना तो नाक वर करतो तेव्हा शिंगं खरोखर पाठीवर आडवी पडल्यासारखी दिसतात, त्यामुळे "शेपटीपर्यंत गेलेली" ही अतिशयोक्ती तेवढी मोठी नाही जेवढी वाटते. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जा, लहानसं अभयारण्य आहे, सकाळी सहाला गवतात उभं राहा, तीच आकृती दिसेल. तोंड लक्षात राहत नाही, शिंगं राहतात.

आणि माळरान हे त्यांचं घर. भीमा, घोड, प्रवरा या पट्ट्यात पाऊस कमी, गवताळ रान जास्त. त्या काळी शेताच्या कडेला कळप उभे असणार, आणि पिकात घुसतही असणार. आपण ज्याला सुंदर म्हणतोय त्याला तो कुंभार शिव्या देत असेल.

मोरपंखी | रविवार, दुपारी १२:४८

दोन त्रिकोण टोकाला टोक लावून म्हणजे ही तर सरळ सरळ वारली चित्रकला झाली! म्हणजे वारली कला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आहे हे सिद्धच झालं की. कोणी यावर लिहीत का नाही?

पांढरीवरची | रविवार, दुपारी २:३०

कुकर झाला, जेवणं झाली, आले.

@मोरपंखी ताई, लिहीत नाहीत कारण सिद्ध होत नाही. दोन त्रिकोणांचं अंग सुसाला आहे, वर खापरखुळांनी सांगितलंच, तिथून वारली पाड्यापर्यंत कोणी चालत आलं नाही. कुंचल्यानं पटकन अंग काढायचं तर तो सोपा आकार आहे म्हणून ठिकठिकाणी सुचतो. मधल्या तीन हजार वर्षांचं एकही चित्र हातात नसताना धागा जोडायचा म्हणजे आडनाव सारखं म्हणून भावकी लावणं.

आता ते दुर्मिळचं. जोर्वे आणि त्याच्या आसपासच्या काळात प्राणी काढता येत नव्हते असं अजिबात नाही. प्रवरेकाठच्या दायमाबादचा एक घडा प्रसिद्ध आहे, त्यावर माणसासारखी आकृती आणि भोवती वाघ, मोर. कोणी त्याला पशुपतीशी जोडतात. इनामगावात एका रांजणाच्या तुकड्यावर बैलगाडी कोरलेली मिळाली, दोन बैल जुंपलेली. रंगवलेली नाही बरं का, टोकदार काहीतरी घेऊन ओरखडलेली. आणि तो चार पायांचा मातीचा रांजण, ज्यात एका प्रौढ पुरुषाला मांडी घालून बसवून घराच्या अंगणात पुरलं होतं, त्याच्यासोबतच्या भांड्यावर वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. म्हणजे हात होता, नजर होती. रोजच्या भांड्यावर मात्र ते येत नाही.

त्यामुळे @तिरशिंगराव, ऱ्हास हा शब्द इथे बसत नाही. ऱ्हास बघायचा तर उत्तर जोर्वे बघा, तिथं भांडं भरड होतं, रंगकाम कमी होतं, घरंसुद्धा चौकोनी मोठी जाऊन लहान गोल झोपड्या येतात. ढवळीकरांनी त्याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं मांडलं होतं. पूर्व जोर्वे तर भरभराटीचा काळ. प्राणी भरभराटीत गायब झालेत, हीच तर गंमत आहे.

चिवडा_पोहे | रविवार, दुपारी २:४१

चार पायांच्या रांजणात माणूस?? हा वेगळा धागा काढा कृपया. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

आव्यावरचा | रविवार, संध्याकाळी ७:१८

नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो कारण विषय घरचा आहे. आम्ही कुंभार. माझे वडील चाकावर बसायचे, मी आता नोकरी करतो, पण दहावीपर्यंत माती तुडवलीय, लीद कालवलीय, आवा (मडकी भाजायची भट्टी) लावलाय.

तुम्ही सगळे चित्राकडून विचार करताय, मी मडक्याकडून करतो.

मडकं चाकावर असताना पट्टा काढायचा म्हणजे काहीच करायचं नसतं. कुंचला रंगात बुडवायचा, हात गुडघ्यावर टेकवून स्थिर धरायचा, आणि कुंचल्याचं टोक नुसतं मडक्याला लावायचं. रेघ मडकंच काढून घेतं. एक फेरा, एक पट्टा, सुरुवात कुठं झाली ते शोधून सापडत नाही. असे चार पट्टे काढायला मोजून अर्धा मिनिट. आमचे वडील माठाला गेरूचे पट्टे काढताना गिऱ्हाइकाशी बोलत असायचे, बघायचेसुद्धा नाहीत.

प्राणी काढायचा तर चाक थांबवा. मडकं उचला, कारण उभ्या मडक्याच्या पोटावर हात नीट जात नाही. मग ते मांडीवर घ्या, एका हाताने आत धरा, पण ते अजून पूर्ण वाळलेलं नाही, चामड्यासारखं झालंय, जोरात धरलं तर बोट उमटतं, आणि जास्त वाळू दिलं तर रंग शोषून घेतं आणि रेघ तुटते. पोटाचा बाक असा की सरळ काढलेली पाठ तिरकी दिसते. एक काळवीट काढून फिरवलं की आधीच्या काळविटाला अंगठा लागतो. खापरखुळांनी तो ओघळ पाहिला ना, मला वाचताक्षणी कळलं काय झालं असणार, मडकं मांडीवर कलतं झालं आणि रंग पातळ होता.

एखाद-दुसरं भांडं असेल तर हौसेनं करा. आठवड्याला शेकडा मडकी द्यायची असतील तर कोण करतंय.

खापरखुळा | रविवार, संध्याकाळी ७:३५

दादा, काय लिहिलंय! उभा राहून वाचलं. "रेघ मडकंच काढून घेतं", हे कुठल्याच पुस्तकात नाही मिळालं मला.

पांढरीवरची | रविवार, रात्री ८:१०

+१. आणि हे जुळतंय बऱ्यापैकी. इनामगावात कुंभाराची मोठी गोल भट्टी मिळालीय, ती काही घरच्यापुरती वाटत नाही. एकाच कारागिरानं पुष्कळ लोकांना पुरवायचं असेल तर तुमचा हिशोब बरोबर बसतो.

पण एक शंका काढू का, रागावू नका. जोर्वेवरची नक्षी नुसती पट्ट्यांची नाही. शंकरपाळे, जाळी, पायऱ्या, त्रिकोणांत भरलेल्या रेघा, या काही चाक फिरवून येत नाहीत, त्यालाही मडकं थांबवावंच लागतं. आणि माळवा भांडीही बहुतेक चाकावरचीच आहेत. मग वेळेचा मुद्दा अर्धाच राहतो ना?

आव्यावरचा | रविवार, रात्री ९:०२

रागावतो कशाला, शंका बरोबर आहे, मी जेवताना हाच विचार करत होतो.

त्याचं असंय की चाकावर एकच माणूस बसतो पण घर सगळं कामाला असतं. आमच्यात पट्टे वडिलांचे, मधली जाळी आजीची. आजीचे डोळे गेले तेव्हा आई, आईला ताप आला तर मी आणि बहीण. जाळी कोणीही काढली तरी जाळीच दिसते. माझी जरा वाकडी असायची, पण बाजारात कोणी म्हटलं नाही की हे मडकं पोरानं रंगवलंय. मोर मात्र आमच्या घरात एकटी आजी काढायची. फक्त लग्नाच्या मडक्यांवर. मी एकदा काढला तर सगळे म्हणाले कोंबडी, आणि ते मडकं शेवटी घरातच राहिलं, पीठ ठेवायला.

म्हणजे रेघ वाटून देता येते, प्राणी वाटून देता येत नाही. काम वाढलं की जे वाटून देता येतं तेच उरतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी असंच झालं असं मी म्हणत नाही, आमच्या घरात असं झालं एवढं सांगतो.

अजून एक. प्राणी आम्ही सोडलेच नव्हते. पोळा आला की मातीचे बैल, शेकड्यानं. पण ते मडक्यावर नाही, हातात धरायचे. वशिंड अंगठ्यानं दाबून वर काढायचं, शिंगं चिमटीनं. मडकं ते मडकं, बैल तो बैल.

पांढरीवरची | रविवार, रात्री ९:२०

अहो हे शेवटचं वाक्य! इनामगाव, नेवासे, दायमाबाद, जिथं जिथं जोर्वे तिथं मातीचे छोटे बैल मिळतात. इनामगावात तर एका मातीच्या पेटीत बिनडोक्याची देवीची मूर्ती आणि सोबत बैल असं एकत्र निघालंय. हाडांत पाहिलं तर गुरं, शेळ्यामेंढ्या भरपूर आणि हरणंही, म्हणजे काळवीट अजून रानात होतं आणि ताटातही. मी धुतलेल्या खापरांत रंगातला बैल कधीच आला नाही पण मातीचं वशिंड दर चार दिवसांनी बादलीत तरंगल्यासारखं वर यायचं (तरंगत नाही, पण आनंद तेवढा व्हायचा).

तिरशिंगराव | रविवार, रात्री ९:४४

मान्य. आळस नाही, ऑर्डर जास्त. तरी एक खुसपट काढतोच. दायमाबादला तो हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ मिळाला ना काशाचा? एवढं ओतकाम येत होतं आणि मडक्यावर रेघा? हे म्हणजे घरात झुंबर आणि ताट पत्रावळीचं.

पांढरीवरची | रविवार, रात्री १०:०५

तो वेगळाच मामला आहे. १९७४ मध्ये गावातल्या एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना मिळाले, उत्खननाच्या खड्ड्यात थरातून निघालेले नाहीत, त्यामुळे कुठल्या काळाचे यावर भांडण आहे. दायमाबाद खणणारे एस. ए. साळी उत्तर हडप्पा (हडप्पा संस्कृतीचा शेवटचा काळ) म्हणतात, धातूच्या तपासणीवरून काहींनी शंका घेतली कारण आर्सेनिकचं प्रमाण ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंशी जुळत नाही. चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. पण ते जोर्वेच्या कुंभाराच्या शेजारी राहणाऱ्याने ओतले असं गृहीत धरून चालता येणार नाही. दायमाबादला एकावर एक पाच संस्कृती आहेत, सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे. झुंबर एका भाडेकरूचं आणि पत्रावळ दुसऱ्याची असू शकते.

अवांतर: सावळदा भांडी कोणी पाहिलीत का? तापीकाठच्या सावळद्यावरून नाव. त्यावर मासे, पक्षी, बाणाची टोकं असं काय काय आहे. नदीकाठचा माणूस जे हातात घेतो ते मडक्यावर. मला माळवापेक्षा ती जास्त आवडतात, पण ते माझं खाजगी.

मोरपंखी | रविवार, रात्री १०:३०

वारलीचं सोडलं मी. पण या चित्रांना काही अर्थ असेल ना? देव, गोष्ट, काहीतरी? गुजरातमधल्या लोथलच्या (हडप्पा संस्कृतीचं गाव) मडक्यावर कोल्हा आणि कावळ्याची गोष्ट आहे असं शाळेत सांगितलेलं आठवतंय.

खापरखुळा | रविवार, रात्री ११:००

लोथलच्या एका भांड्यावर झाडावर पक्षी, चोचीत मासा, खाली कोल्ह्यासारखा प्राणी असं आहे. लोथल खणणारे एस. आर. राव यांनी त्यात ती लबाड कोल्ह्याची गोष्ट पाहिली. असेलही. पण चित्रात आहे ते झाड, पक्षी, मासा आणि शेपूटवाला. "गाणं म्हण" हे आपण ऐकतो कारण आपल्याला गोष्ट आधीच पाठ आहे. गोष्ट माहीत नसलेल्याला दाखवलं तर तो म्हणेल पक्षी मासा खातोय आणि कुत्रं आशेनं बघतंय, आणि तेही रोजच होतं.

काळविटाचंही तेच. मला स्वतःला वाटतं शिंगं काढताना मजा येते म्हणून काळवीट. कुंचल्याला तो नागमोडी हात बसला की थांबवत नाही. यात धर्म शोधणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ६:५०

रात्रभर धागा वाचला आणि पहाटे शेतात गेलो. आमच्या शेताच्या कडेला जुनी पांढरी आहे, आजोबा म्हणायचे तिथं पूर्वी गाव होतं. आता निम्मी उरलीय, लोकांनी ट्रॉल्या भरभरून माती शेतात नेली, पांढरीची माती खताला चांगली म्हणून. आम्हीही नेली, खोटं कशाला बोलू.

तर तिथं ओघळीत एक खापर मिळालं, लाल, वर काळा रंग. आणि त्यावर प्राणी आहे. फोटो टाकलाय. आडवं अंग, खाली चार पाय स्पष्ट, पाचवी रेघ बहुतेक शेपूट. शिंगं तुटलीत. टिचकी मारली तर खणखण वाजतंय, म्हणजे जोर्वे ना? म्हणजे जोर्वेवरचा प्राणी मिळाला ना? हात थरथरतायत टाइप करताना.

चिवडा_पोहे | सोमवार, सकाळी ७:०५

अरे बापरे!! अभिनंदन! पेपरला द्या!

रानवेडी | सोमवार, सकाळी ७:२२

पाय फार सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत. चारही एकाच जाडीचे. मला तरी प्राणी वाटत नाहीये पण मी खापरवाली नाही.

पांढरीवरची | सोमवार, सकाळी ७:४०

प्रवराकाठ दादा, आधी एक करा. ते जिथं मिळालं ती जागा लक्षात आहे का? ओघळीत कुठं, वरून किती खाली? मोबाइलमध्ये जागेचा पिन टाकून ठेवा, आणि शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून एक फोटो काढा म्हणजे आकार कळेल. घरी नेऊन शोकेसमध्ये ठेवू नका. तुकडा शेतात असला तर तो पांढरीबद्दल काहीतरी सांगतो, कपाटात गेला की खापरखुळांच्या त्या संग्रहालयासारखं, "जुनं आहे साहेब".

आता खापराची आतली बाजू दाखवा. चित्राची नको, आतली.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ८:१५

आतला फोटो टाकलाय. बारीक बारीक समांतर रेषा दिसतायत बोटांच्या.

आव्यावरचा | सोमवार, सकाळी ८:३२

त्या बोटांच्या रेषा चाकाच्या. त्या जमिनीला आडव्या धरा, मग मडकं कसं उभं होतं ते कळेल. एका बाजूला खापर जाड आहे, एका बाजूला पातळ होत गेलंय. फोटोत जाड बाजू वर दिसतेय, ती खाली घ्या. आमच्याकडे पोटाकडे माती जाड ठेवतात, मानेकडे ओढून पातळ करतात.

दादा, तुम्ही उलटं धरलंय.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ८:४१

फिरवलं.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ८:४४

पाय वर आले.

पांढरीवरची | सोमवार, सकाळी ८:५०

हो. खाली पट्टा आणि त्यावर उभ्या रेघांची ओळ, मानेखाली असते तशी. तुमच्याकडे पाचच आल्यात कारण तुकडा तेवढाच आहे, अख्ख्या मडक्यावर सगळीकडून असणार. वाईट वाटून घेऊ नका, मी पहिल्या सीझनला अशाच रेघांचा बगळा केला होता, सरांनी तो सगळ्यांना दाखवला.

तिरशिंगराव | सोमवार, सकाळी ९:१०

काळवीट परत पळालं.

आव्यावरचा | सोमवार, सकाळी ९:२५

फोटो मोठा करून बघितला. प्राणी नसला तरी एक बघा. पट्टा पक्का आहे, एका दमात आलेला. वरच्या रेघांत पहिल्या तीन एका हाताच्या आहेत, वरून खाली ओढलेल्या, खाली बारीक होत गेलेल्या. चौथी आणि पाचवी खालून वर ओढलीय, रंगाचा ठिपका खाली साचलाय. बहुतेक मधेच कोणी मडकं दुसऱ्याच्या हातात दिलं.

प्रवराकाठ | सोमवार, सकाळी ९:५८

बघितलं. खरंच की. चौथ्या रेघेचा ठिपका बोटाला लागतोय, जरा उंच आहे.

पाच मिनिटं तसंच धरून बसलो होतो बांधावर. फोटो काढलाय नाणं ठेवून, पिन टाकलाय. आता परत ओघळीत ठेवून येतो, जिथं होतं तिथंच, या वेळी सरळ बाजूनं. आणि भावाला फोन केलाय की उरलेल्या पांढरीवर ट्रॉली आणू नकोस, तो म्हणाला बियाणं टाकायचंय, संध्याकाळी बोलू.